सह्याद्रीतील राष्ट्रीय उद्यानांचे ऋतुचक्र : वनस्पती व वन्यजीव निरीक्षणाची दिशा आणि महाविद्यालयांची भूमिका

सारांश

सह्याद्रीतील वनस्पती व प्राण्यांचे जीवनचक्र पावसाच्या आगमनाभोवती गुंफलेले आहे. मात्र ज्या चार महिन्यांत या डोंगररांगेत सर्वाधिक घडामोडी होतात, त्याच काळात येथील वनक्षेत्रे पर्यटकांसाठी बहुधा बंद असतात आणि महाविद्यालयीन अभ्याससहलींचा तो हंगाम नसतो. पूर्वी तेथे बारमाही राहणाऱ्या अनेक गावांचे पुनर्वसनही झाले आहे. परिणामी निसर्गाच्या सर्वांत महत्त्वाच्या ऋतूच्या सलग नोंदी विरळ राहतात. प्रस्तुत लेखात चांदोली राष्ट्रीय उद्यान व त्यालगतचा प्रदेश केंद्रस्थानी ठेवून ऋतुनिहाय बदलांमागील कारणे स्पष्ट केली आहेत, तसेच नोंदींची कालगणना, पद्धती व महाविद्यालयांची भूमिका यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : ऋतुजैविकी, सह्याद्री, चांदोली, सडा, कारवी, पर्जन्यनक्षत्रे, वनस्पतिसंग्रह.

१. प्रस्तावना

राष्ट्रीय उद्यानास भेट देणारा पाहुणा जे पाहतो, ते त्या दिवसाचे दृश्य असते. जानेवारीत चांदोलीच्या सड्यावर उभ्या राहणाऱ्या अभ्यासकास पिवळे वाळके गवत व काळपट जांभा खडक दिसतो. त्याच जागी सप्टेंबरमध्ये पाऊल ठेवावे तर फुले तुडविल्याशिवाय चालता येत नाही. दोन्ही दृश्ये खरी असली तरी त्यांपैकी कोणत्याही एकावरून त्या भूमीविषयी केलेले विधान अपुरे ठरते. प्रजातींची यादी म्हणजे एखाद्या प्रदेशाचे ज्ञान, असा समज अध्यापनात बराच रूढ आहे. ती प्रजाती वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर काय करते, हा प्रश्न मात्र यादीच्या बाहेर राहतो.

सजीवांच्या जीवनातील आवर्ती घटना आणि हवामान यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास ऋतुजैविकी असे म्हणतात. पालवी फुटणे, बहर येणे, फळ पिकणे, पानगळ, पक्ष्यांचे आगमन व प्रयाण, बेडकांचे प्रजनन या घटना तिच्या कक्षेत येतात. या शास्त्राची पाश्चात्त्य संज्ञा १८४९ मध्ये बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मॉरेन यांनी प्रचारात आणली; पण नोंदींची परंपरा त्याहून जुनी आहे. जपानमधील क्योतो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंतागमाच्या खुणा टिपण्यास आरंभ केला व त्यांच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालविले. या नोंदी करणाऱ्यांसमोर हवामानबदलाचा प्रश्न नव्हता. तरीही त्या प्रश्नाचा अभ्यास करताना आज त्यांच्याच वह्यांचा आधार घेतला जातो.

मराठी वाङ्मयातही ऋतूंच्या सूक्ष्म अवलोकनाची परंपरा आहे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे पुस्तक महिन्यागणिक बदलणाऱ्या निसर्गावर रचलेले आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनसेवेतील प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे पक्षी व अरण्य यांविषयी विपुल लेखन केले. या परंपरेस तारीखवार नोंदींची जोड देणे, हे पुढील काम होय.

२. प्रदेशाची ओळख

महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी चांदोली आणि मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही दोन पश्चिम भागातील डोंगराळ प्रदेशात येतात. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर वसलेल्या चांदोलीस १९८५ मध्ये अभयारण्याचा व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर असून वारणा नदीवरील वसंतसागर जलाशय त्याच्या कुशीत आहे. उत्तरेकडील कोयना अभयारण्यासह २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची स्थापना झाली. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे.

या प्रदेशाचे वैशिष्ट्य म्हणजे थोड्या अंतरात होणारा पर्जन्यमानातील बदल. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथे वर्षाकाठी साधारण सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत तो सुमारे एक-तृतीयांशावर येतो आणि पायथ्याच्या वाईत त्याहून बराच कमी होतो. त्यामुळे माथ्यावर व कोकण उतारावर निमसदाहरित जंगल, पूर्वेस पानगळीचे जंगल आणि दोहोंच्या मध्ये जांभ्याचे उघडे सडे अशी रचना आढळते.

हिमालयातील उद्यानांशी तुलना केल्यास ही बाब अधिक स्पष्ट होते. उत्तराखंडातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे उद्यान समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील वनस्पतींचे घड्याळ बर्फ वितळण्यावर चालते. चांदोलीची उंची सुमारे ५९० ते १०४० मीटर आहे. येथे बर्फ नाही, कडाक्याची थंडीही नाही. वर्षातील सहा-सात महिने जवळपास कोरडे आणि चार महिने अखंड ओले, हीच येथील ऋतुचक्राची मुख्य विभागणी होय.

३. उन्हाळा : बहराचा व पालवीचा काळ

पाण्याची टंचाई असताना झाडे विसावतील, अशी सामान्य अपेक्षा असते. सह्याद्रीतील पानगळीची झाडे मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, निष्पर्ण अवस्थेत फुलतात. पळस, पांगारा व सावर ही त्याची ठळक उदाहरणे होत. पानांचा आडोसा नसल्याने फुले दुरून दिसतात व मैना, कोतवाल, सूर्यपक्षी असे परागवाहक पक्षी त्यांकडे सहज आकृष्ट होतात. शिवाय या काळात फुललेल्या झाडाचे बी पावसाच्या तोंडावर पक्व होते आणि त्यास रुजण्यासाठी संपूर्ण पावसाळा मिळतो. याच सुमारास माथ्यावरील अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातात.

पालवीचा काळही असाच विचार करावयास लावतो. कुसुमाची तांबडी पालवी पहिला पाऊस पडण्याच्या कितीतरी आधी फुटते. खोल मुळे व खोडात साठविलेले पाणी यांच्या आधारे झाड हे साध्य करते. पावसाबरोबर पाने खाणाऱ्या कीटकांची संख्या झपाट्याने वाढते, तोपर्यंत आधी फुटलेली पाने निबर झालेली असतात. कोवळ्या पानांतील तांबडे रंगद्रव्य तीव्र प्रकाशापासून त्यांचे रक्षण करते असे मानले जाते.

प्राण्यांच्या दृष्टीने हा काळ फळांचा आहे. करवंद व जांभूळ मे महिन्यात पिकू लागतात. राखी धनेशाची मादी या हंगामात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला व पिलांना बाहेरून फळे भरवितो. या आहारात उंबरवर्गीय झाडांचा वाटा मोठा असतो. उंबराच्या फळास ठरावीक हंगाम नाही. प्रत्येक उंबरवर्गीय प्रजातीचे परागण विशिष्ट चिमुकल्या वरटीमार्फत होते व या प्रौढ वरटीचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते. वरटीचा वंश टिकावयाचा तर जंगलातील एखादे तरी झाड सदैव तिच्या स्वागतास तयार असावे लागते. म्हणून एक झाड आज तर दुसरे पुढच्या महिन्यात, अशा रीतीने ही झाडे वर्षभर फळत राहतात. इतर फळांचा खंड पडतो त्या दिवसांत धनेश, हरियाल, शेकरू व वानर यांचा निर्वाह बराचसा त्यांवर होतो. एका उंबराची एकदा केलेली नोंद या व्यवस्थेविषयी काहीच सांगत नाही. दहा झाडांची वर्षभर केलेली नोंद मात्र ती पूर्णपणे उलगडून दाखविते.

४. वळीव ते मृग : संक्रमणाचे दिवस

मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ अल्प असला तरी निरीक्षणाच्या दृष्टीने सर्वांत दाट आहे. काजव्यांचे प्रौढ रूप याच दिवसांत प्रकट होते. हवेतील आर्द्रता वाढली की त्यांचे लुकलुकणे सुरू होते आणि मुसळधार पाऊस लागला की ते ओसरते. प्रकाशाच्या संकेतांनी जोडीदार शोधणे हा त्या लुकलुकण्याचा हेतू असतो. त्यामुळे वाहनांचे दिवे व विजेऱ्या यांचा झोत त्या संकेतांत थेट व्यत्यय आणतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असल्याने त्याच दिवसांत होणारी पर्यटकांची गर्दी ही गंभीर बाब ठरते.

याच संधिकाळात ऐकू येणारे दोन पक्षी निरीक्षणातील एक मूलभूत भेद समजावून देतात. ‘पेरते व्हा’ अशी साद घालणारा पावशा पावसाची वर्दी घेऊन दुरून येतो, असा लोकसमज आहे. प्रत्यक्षात तो बहुतांशी येथेच राहणारा पक्षी आहे. हिवाळ्यात तो गप्प असतो म्हणून दिसत नाही आणि विणीचा हंगाम जवळ आला की त्याचा आवाज घुमू लागतो. याउलट चातक मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून खरोखरीच समुद्र ओलांडून येतो. एकाचे ‘आगमन’ हे आवाजाचे आहे, दुसऱ्याचे देहाचे. ‘आढळला नाही’ आणि ‘नव्हता’ या दोन विधानांतील हा फरक प्रत्येक नोंदवहीत जपला पाहिजे.

५. पावसाळा : चार महिन्यांचे विश्व

जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. उन्हाळ्यात हा खडक तापतो व पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहते. सततच्या पाण्याने मातीतील पोषकद्रव्ये, विशेषतः नत्र, वाहून जातात. अशा स्थितीत तगून राहण्याच्या निरनिराळ्या युक्त्या तेथील वनस्पतींत दिसतात. जूनमध्ये प्रथम कंदवर्गीय वनस्पती उगवतात. आदल्या वर्षी जमिनीखाली साठविलेले अन्न हाताशी असल्याने त्यांना मुळे धरून वाढण्याची प्रतीक्षा करावी लागत नाही. रानहळदीचा गुलाबी तुरा हे त्याचे परिचित उदाहरण होय. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये पाणथळ भागात सीतेची आसवे, दवबिंदू व गेंद यांचे ताटवे येतात. यांपैकी पहिल्या दोन कीटकभक्षी आहेत. मातीत न मिळणारे नत्र त्या सूक्ष्मजीव व कीटकांपासून मिळवितात. सीतेच्या आसवांच्या निळ्या फुलांमागे पाण्यातील जीवांना ओढून घेणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची यंत्रणा असते. भाद्रपदाच्या सुमारास तेरडा, कवला व सोनकी यांचे राज्य सुरू होते आणि पाणी ओसरल्यावर गवत त्यांची जागा घेते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी असली, तरी रंगांचा एकंदर क्रम ठरलेला आहे. त्या क्रमाचा आधार पाण्याची पातळी हा आहे.

जंगलातील घडामोडीही तितक्याच वेगाने होतात. सड्यावरील उथळ डबक्यांत भेक अंडी घालतात. कोयना परिसरावरून नाव मिळालेल्या व केवळ महाराष्ट्रात आढळणाऱ्या भेकाच्या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन १९६३ मध्ये झाले. काही झुडपी बेडूक पाण्याऐवजी पानांवर अंडी घालतात. त्यांच्यात भैरव्याची अवस्था नसते व अंड्यातून थेट चिमुकले बेडूक बाहेर येतात. डबक्यात वाढणारा भैरव्या असो की पानावरील अंडे, दोन्ही पावसाच्या सातत्यावर विसंबून असतात. ऐन जुलैत पावसाने दीर्घ खंड दिला, तर त्या हंगामाच्या एकूण पावसाचा आकडा सरासरीइतका भरूनही एक पिढी वाया जाऊ शकते. म्हणूनच पावसाच्या बेरजेइतकेच त्याच्या वाटणीला महत्त्व आहे आणि ही वाटणी जीवसृष्टीच्या नोंदीशेजारीच लिहिली गेली पाहिजे.

पक्ष्यांपैकी नवरंग पावसाच्या आरंभी विणीसाठी दाखल होतो. ओढ्याकाठी शीळ घालणारा शीळकरी कस्तुर याच काळात घरटे बांधतो. सांबर नराची जुनी शिंगे उन्हाळ्याच्या सुमारास गळतात. नवीन शिंगे पावसाळ्यात मखमली त्वचेखाली वाढतात व हिवाळ्याच्या आरंभी कठीण होतात.

या सर्व घटनांचा साक्षीदार कोण, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. दाट धुके, निसरड्या वाटा, जळवा व दुथडी भरलेले ओढे यांमुळे बाहेरील अभ्यासक या दिवसांत क्वचितच फिरकतो. धरण, अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान यांच्या निर्मितीनंतर चांदोलीच्या अंतर्भागातील अनेक गावांचे पुनर्वसन झाले. वन्यजीवांस मोकळे क्षेत्र मिळाले, हे त्याचे उद्दिष्ट होते. मात्र त्याबरोबर बारमाही जंगलात वावरणाऱ्या शेतकरी व गवळी-धनगर कुटुंबांचे नित्याचे अवलोकनही तेथून उठले. कोणत्या ओहळात पाणी प्रथम येते, कोणते झाड कोणत्या नक्षत्रात पिकते, हे सांगणारी पिढी आता पुनर्वसित वसाहतींत वृद्ध होत आहे. त्यांच्या स्मृतीतील ऋतुक्रम टिपून ठेवण्यास उरलेला अवधी मोठा नाही.

६. हिवाळा : ओसरता ओलावा व पाहुणे पक्षी

पाऊस पूर्णपणे थांबण्याच्या आधीच हिवाळी पाहुण्यांची चाहूल लागते. ओढ्याच्या दगडांवर शेपटी हलवीत फिरणारा करडा धोबी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये दिसू लागतो. त्यामागून निरनिराळे पर्णवटवटे येतात. किंजळीच्या झाडांवर तांबूस पंखधारी फळांचे घोस लगडतात आणि दुरून ते फुलांसारखे भासतात. थंडी स्थिरावली की हिरड्याची फळे तयार होतात. जमिनीवरील गवत वाळते आणि वणव्यांचा धोका सुरू होतो.

महाविद्यालयीन सहली प्रामुख्याने याच काळात निघतात. रस्ते कोरडे, आकाश निरभ्र व शैक्षणिक वेळापत्रक सोयीचे असल्याने ते स्वाभाविक आहे. परंतु वर्षानुवर्षे केवळ डिसेंबर-जानेवारीत पाहिलेले जंगल हेच ‘जंगल’ म्हणून विद्यार्थ्यांच्या मनात ठसते.

७. वर्षापलीकडील चक्र : कारवी

सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी दरवर्षी फुलत नाही. अनेक वर्षे केवळ पानांवर वाढून एका पावसाळ्यात संपूर्ण डोंगर एकाच वेळी फुलतो, मध व बी देतो आणि नंतर ती झुडपे मरून जातात. एकाच वेळी प्रचंड प्रमाणात बी तयार झाल्याने ते खाणाऱ्या प्राण्यांस सर्व संपविता येत नाही व पुरेसे बी रुजावयास उरते, असे या वर्तनाचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

लोकपरंपरेत कारवी ‘सात वर्षांनी’ फुलते असे सांगितले जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अलीकडचे मोठे बहर मात्र २००८, २०१६ व २०२४ या वर्षी आले, म्हणजे दोन बहरांत आठ वर्षांचे अंतर आहे. मधली सात वर्षे मोजली तर परंपरेचे म्हणणे व नोंद यांत विरोध राहत नाही. तथापि सर्व डोंगरांवर एकच वर्ष लागू पडत नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या कारवीचे बहर निरनिराळ्या वर्षी येतात व मुख्य बहराच्या मागेपुढे काही झुडपे फुलतात. कोणत्या डोंगरावर कोणत्या वर्षी किती बहर आला, याची स्थलनिहाय नोंद असेल तरच चक्राची खरी लांबी व त्यातील बदल सांगता येतील.

येथे शिक्षणव्यवस्थेशी निगडित एक मुद्दा लक्षात येतो. पदवीचा कालावधी तीन किंवा चार वर्षांचा असतो. दोन बहरांच्या मधल्या काळात विद्यार्थ्यांची एक संपूर्ण तुकडी प्रवेश घेऊन, पदवी मिळवून बाहेर पडते आणि तिला कारवीचे फूल दिसतही नाही. हे चक्र व्यक्तीच्या शिक्षणकाळाहून मोठे आहे. त्याची स्मृती संस्थाच ठेवू शकते.

८. नोंदींची कालगणना

मराठी समाजात ऋतूंविषयीचे ज्ञान दोन कालगणनांत साठविलेले आहे. सण व महिने चांद्र आहेत, तर पावसाची नक्षत्रे सौर आहेत. शास्त्रीय नोंदींच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने सण दरवर्षी मागे सरकतात व अधिक मासाने पुन्हा पुढे येतात. गणेशचतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. दोहोंत तेवीस दिवसांचा फरक आहे. ‘गौरी-गणपतीत तेरडा फुलतो’ हे वाक्य सांस्कृतिकदृष्ट्या अर्थपूर्ण असले, तरी बहर लवकर आला की उशिरा, हे त्यावरून ठरविता येत नाही.

याउलट मृग नक्षत्र दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागते, कारण ते सूर्याच्या स्थितीवर आधारलेले आहे. त्यापुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा व हस्त ही नक्षत्रे प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची असतात. पुनर्वसूचा ‘तरणा’ व पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस ही शेतकऱ्यांची नावे पावसाळ्याची पंधरवड्यांत केलेली विभागणीच होय. संपातबिंदूच्या चलनामुळे या तारखा सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. एका मानवी आयुष्यात हा फरक नगण्य आहे. म्हणून वृद्ध शेतकऱ्याने ‘आर्द्रात’ म्हणून सांगितलेली घटना जूनच्या चौथ्या आठवड्यापासून जुलैच्या आरंभापर्यंतच्या काळाशी विश्वासाने जोडता येते. ‘आषाढात’ म्हणून सांगितलेल्या घटनेसाठी मात्र ते वर्ष कोणते, हे विचारावे लागते.

या नक्षत्रांशी प्रत्यक्ष पावसाचे नाते बदलते आहे काय, हा आजचा प्रश्न आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या आगमन व परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईतील परतीची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. पाऊस मृगापूर्वी दोन आठवडे आला असता काजव्यांचा हंगाम, जांभळांचे पिकणे व भेकांचे प्रजनन यांत काय फरक पडला, हे सांगावयाचे तर आधीच्या वर्षांच्या त्याच जागेवरील नोंदी हाताशी हव्यात. हवामानाच्या तारखा शतकभराच्या उपलब्ध आहेत. जीवसृष्टीच्या तारखांचा रकाना मात्र बहुतांशी रिकामा आहे.

९. नोंदींची पद्धती

अशा नोंदींसाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. पुढील पथ्ये पाळणे मात्र आवश्यक आहे.

(१) झाड निश्चित असावे. ‘परिसरातील जांभूळ’ अशी नोंद निरुपयोगी ठरते. क्रमांक दिलेले विशिष्ट झाड वर्षानुवर्षे पाहावे. पाच प्रजातींची प्रत्येकी पाच झाडे एका विभागास पेलण्याजोगी आहेत.

(२) अंतर निश्चित असावे. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, निरीक्षण व्हावे. बहराच्या दिवशीच जाऊन केलेल्या नोंदीतून बहराचा आरंभ कळत नाही.

(३) अभावाची नोंद करावी. ‘फूल नाही’ ही नोंद ‘फूल आहे’ इतकीच मौल्यवान आहे. आरंभाची तारीख या दोन नोंदींच्या मधूनच निघते.

(४) अवस्था ठरावीक असाव्यात. कोवळी पालवी, जून पाने, कळी, फूल, कच्चे फळ, पक्व फळ या प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडे’, ‘पुष्कळ’ यांपैकी एक शब्द पुरेसा आहे.

(५) सोबत त्या दिवसाचा पाऊस, निरीक्षकाचे नाव, वेळ व स्थानिक नाव लिहावे. स्थानिक नाव देणाऱ्या माहितगाराचे श्रेय, त्याची संमती असल्यास, नोंदीतच द्यावे.

राष्ट्रीय उद्यानाच्या आत अभ्यासासाठी प्रवेश करावयाचा असल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आवश्यक असते. नमुने गोळा करण्यावर तर कडक निर्बंध आहेत. परंतु ऋतुनोंदींस फांदी तोडण्याची गरजच नाही. शिवाय निवडलेली झाडे उद्यानाच्या सीमेबाहेर, गावाच्या देवराईत किंवा महाविद्यालयाच्या आवारात असली तरी त्याच पावसाची खूण ती देतात. अंतर्भागात भर पावसात गस्त घालणारे वनरक्षक हे या कामातील स्वाभाविक सहकारी होत.

१०. महाविद्यालयांची भूमिका

पाटण, कराड, शिराळा, शाहूवाडी, चिपळूण व संगमेश्वर या परिसरांतील महाविद्यालये सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर पसरलेली आहेत. एकाच प्रजातीची नोंद पूर्व व पश्चिम अशा दोन्ही बाजूंस झाली, तर पर्जन्यछायेचा परिणाम आपोआप समोर येईल. ‘सीझनवॉच’सारख्या देशव्यापी उपक्रमांत अशा साप्ताहिक नोंदी समाविष्ट करण्याची सोयही आहे.

दुसरे साधन प्रत्येक वनस्पतिशास्त्र विभागाच्या कपाटात आहे. वनस्पतिसंग्रहातील प्रत्येक नमुन्यावर तारीख व स्थळ लिहिलेले असते आणि नमुना बहुधा फुलावर असतानाच घेतलेला असतो. म्हणजेच प्रत्येक जुना नमुना ही बहराची एक नोंद आहे. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१–१९०८) फुलण्याचे महिने दिलेले आहेत. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण, मुंबईतील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह व शिवाजी विद्यापीठ येथील संग्रहांमुळे ही तुलना अधिक व्यापक करता येते. मात्र नमुन्याची तारीख ही संग्राहकाच्या भेटीची तारीख असते. ज्या महिन्यांत संग्राहक गेलेच नाहीत, त्या महिन्यांविषयी संग्रह मूक राहतो. पावसाळ्याची उणीव येथेही जाणवते, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा उपयोग करावा.

हा विषय एका विद्याशाखेचा नाही. पर्जन्यमानाची बाजू भूगोल विभागाने, पुनर्वसित गावांतील मौखिक माहितीची बाजू समाजशास्त्र व मराठी विभागांनी आणि सांख्यिकी विभागाने विश्लेषणाची बाजू सांभाळल्यास खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय काम उभे राहील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अनुषंगाने पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पास श्रेयांक मिळू लागल्याने त्यास औपचारिक स्थानही उपलब्ध आहे. फक्त नोंदवही प्रकल्पाबरोबर संपता कामा नये. ती विभागाची मालमत्ता म्हणून जडसंग्रह नोंदीत दाखल व्हावी, शिक्षकाची बदली अथवा निवृत्ती झाली तरी पुढील व्यक्तीकडे सुपूर्द व्हावी आणि तिची प्रत ग्रंथालयात राहावी.

११. समारोप

सह्याद्रीतील राष्ट्रीय उद्यानांचे ऋतुचक्र पावसावर आधारलेले असून त्याचा गाभा पावसाळ्यातील चार महिन्यांत व त्यापूर्वीच्या तयारीच्या दिवसांत आहे, हे उपरोक्त विवेचनावरून स्पष्ट होते. उन्हाळ्यातील बहर, पावसापूर्वीची पालवी, सड्यावरील फुलांचा क्रम, बेडकांचे प्रजनन व कारवीचा सामूहिक बहर या सर्वांमागे निश्चित कारणे आहेत. ती कारणे हिवाळ्यातील एका सहलीत आकळत नाहीत. पावसाचे वेळापत्रक बदलत असताना जीवसृष्टी त्यास कसा प्रतिसाद देते, हे कळण्यासाठी एकाच जागेवरील दीर्घकालीन नोंदी अपरिहार्य आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवीचा पुढील मोठा बहर आजवरचा क्रम टिकल्यास २०३२ मध्ये अपेक्षित आहे. तोपर्यंतच्या प्रत्येक पावसाळ्याची आठवडावार नोंद एखाद्या विभागाने ठेवली, तर त्या वर्षी पदवीस प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास कारवीच्या फुलाबरोबर त्यामागील आठ वर्षेही वाचता येतील.